सेकंदाला ९ टन वारा

ऑगस्ट २०२३ मध्ये 'पिक्सिस ओशन' हे मालवाहू जहाज चीनहून ब्राझीलकडे निघालं. लांबी २२९ मीटर, पोटात माल मावतो सुमारे ८१ हजार टन. धान्य, कोळसा असा सुटा माल वाहणारी या जातीची जहाजं जगातल्या कुठल्याही मोठ्या बंदरात दिसतात. याच्या डेकवर मात्र दोन उभे पंख होते. ही शिडंच, पण कापडाची नव्हेत. पोलाद आणि ग्लास-फायबरची. प्रत्येक पंख ३७.५ मीटर उंच. मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया २६ मीटर आहे, यावरून अंदाज यावा. पूर्ण उघडल्यावर पंखाची रुंदी २० मीटर, म्हणजे वाऱ्यासमोर उभी केलेली ७५० चौरस मीटरची भिंत. आणि अशा दोन. त्यांची रचना करणारी ब्रिटनची बार टेक्नॉलॉजीज ही कंपनी अमेरिकाज कप या शर्यतीसाठी नौका बांधणाऱ्या संघातून उभी राहिली आहे. शर्यतीत सेकंदांसाठी झगडणारी माणसं इथे टनांचा हिशेब करू लागली.

या भिंतीसमोर काय घडतं ते पाहू. वारा सेकंदाला १० मीटर, म्हणजे तासाला ३६ किलोमीटर वाहतो आहे असं धरू. भर समुद्रात हा काही वादळी वारा नव्हे. ७५० चौरस मीटरच्या चौकटीतून दर सेकंदाला साडेसात हजार घनमीटर हवा जाते. एका घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो. गुणाकार केला की ९ टन होतात. हवेला वजन आहे हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. इथे ती सेकंदाला ९ टन या हिशेबाने अंगावर येते. तासाला ३२,४०० टन. दिवसाला सुमारे ७ लाख ७७ हजार टन, म्हणजे जहाजात मावणाऱ्या मालाच्या साडेनऊपट हवा एकेका पंखासमोरून निघून जाते. तीही फक्त चौकटीत सापडलेली. पंख आपल्या अंगाला लागलेल्या हवेपुरतं काम करत नाही; आजूबाजूच्या कित्येक मीटरवरच्या हवेलाही तो वळण लावतो, आणि त्या वळवण्यातूनच त्याला ढकल मिळते.

ही ढकल किती, हे पाठकोऱ्या कागदावर काढता येतं. जहाज १२ नॉट वेगाने चाललं आहे, म्हणजे सेकंदाला ६.२ मीटर. वारा बरोबर बाजूने, काटकोनात येतो आहे. चालत्या जहाजाला तो तसा जाणवत नाही. जहाजाच्या स्वतःच्या वेगामुळे समोरून येणारा वारा त्यात मिसळतो आणि डेकवर उभ्या माणसाला तो ११.८ मीटर वेगाने, नाळेपासून ५८ अंशांवरून येताना लागतो. हा भासमान वारा. शिडाला कळतो तो हाच. त्याचा दाब चौरस मीटरला साडेआठ किलोच्या आसपास. पंखाच्या आकारामुळे हा दाब दुप्पट कामाला येतो असं धरलं, तर एका पंखावर साडेबारा-तेरा टनांचं बळ येतं. त्यातलं काही जहाजाला आडवं ढकलण्यात आणि ओढ सोसण्यात जातं. पुढे नेणारं उरतं साडेनऊ टनांच्या घरात. दोन पंखांचं मिळून १९ टन. या वेगाला ते सुमारे १,१५० किलोवॅट भरतात. पाण्याखालच्या पंख्यामार्फत हीच शक्ती पाण्यात उतरवायला इंजिनाला १,७५० किलोवॅट खर्चावे लागले असते, आणि त्यासाठी दिवसाला साडेसात-आठ टन तेल जळलं असतं.

आता प्रत्यक्ष आकडे. पहिल्या सहा महिन्यांनंतर, मार्च २०२४ मध्ये, जहाज भाड्याने चालवणाऱ्या कारगिल कंपनीने निकाल जाहीर केले. अनुकूल वाऱ्यात दिवसाला ११ टनांपर्यंत तेल वाचलं. सरासरी मात्र दिवसाला ३ टन.

माझं गणित ८ म्हणतं, उत्तम दिवस ११ म्हणतो, सरासरी ३ म्हणते. या तीन आकड्यांमधल्या जागेत एक अख्खं शास्त्र राहतं. जहाजमालक पैसे घालतो तो सरासरीवर. अकरा टनांचं स्वप्न दाखवून तीन टन हाती दिले तर पुढचं जहाज कोणी बांधणार नाही; उलट पाच मिळणार असताना भीतीपोटी दोनच सांगितले तरी बांधणार नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या हिशेबानुसार २०१८ मध्ये जगाच्या जहाजांनी १०७.६ कोटी टन हरितगृह वायू सोडले, माणसाने सोडलेल्या एकूण वायूंच्या २.८९ टक्के. एक टन जहाजी तेल जाळलं की तीन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड होतो. तेव्हा वारा आणि शीड यांचं नातं आधीच अचूक सांगता येणं ही हौसेची गोष्ट राहिलेली नाही.

ते इतकं अवघड का, याचं पहिलं कारण असं की वारा एक नसतो. समुद्राच्या पृष्ठभागाशी तो घासतो, मंदावतो. वर जावं तसा वाढतो. खुल्या समुद्रावर १० मीटर उंचीशी जो वेग असतो, त्याच्या साधारण १८ टक्के जास्त ४५ मीटरवर. बळ वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणून टोकाकडे खऱ्या वाऱ्याचा जोर जवळजवळ चाळीस टक्क्यांनी जास्त. आणि गोष्ट इथे संपत नाही. वाऱ्याचा वेग उंचीनुसार बदलतो, पण जहाजाचा स्वतःचा वेग सगळीकडे तोच. त्यामुळे भासमान वाऱ्याची दिशाही उंचीनुसार फिरते: पंखाच्या पायथ्याशी ५८ अंश, टोकाला ६२. म्हणजे एकाच पंखाच्या दोन टोकांना दोन वेगळे वारे लागतात. वेगवान शर्यतनौकांवर हा पीळ याहून कितीतरी मोठा असतो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात यासाठी खास वातबोगदा बांधला. त्यात उभी पाती लावून वाऱ्याला मुद्दाम पीळ देतात आणि मग नौकेचं प्रारूप त्यात ठेवतात.

त्यातून जहाज डोलतं. जड जहाजाचा एक हेलकावा १२ सेकंदांचा धरू आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा अंशांचा. पंखाचं टोक डोलण्याच्या अक्षापासून ५० मीटर वर असेल, तर ते एका बाजूला पावणेनऊ मीटर जातं आणि तितकंच दुसऱ्या बाजूला. मधून जाताना त्याचा वेग सेकंदाला साडेचार मीटरहून अधिक. बाजूने येणारा १० मीटरचा वारा टोकाला एकदा साडेपाच मीटरचा लागतो आणि सहा सेकंदांनी साडेचौदा मीटरचा. दाब साडेतीन पटींहून जास्त बदलतो. दिशा ४१ अंशांवरून ६७ अंशांवर झेपावते. साधा पंख वाऱ्याशी १५ अंशांच्या आसपास कोन करू लागला की त्याच्या पाठीवरचा प्रवाह सुटतो आणि ढकल कोसळते. इथे सहा सेकंदांत २६ अंशांचा फरक आहे. म्हणजे मोठ्या हेलकाव्यात पंखाचं टोक प्रवाह सोडतं, पुन्हा धरतं, पुन्हा सोडतं, आणि पायथ्याला याचा पत्ताही नसतो. जहाजबांधणीत २५ वर्षांच्या आयुष्याला सुमारे १० कोटी लाटा धरण्याची रीत आहे. पंखाच्या मुळाशी जो वेल्ड आहे, त्याला या १० कोटी लाटांतली प्रत्येक मोजून सोसायची असते.

मग हवेचं गणित थेट मांडून सोडवू नये का? समीकरणं तर हाताशी आहेत. नाविए यांनी १८२२ मध्ये आणि स्टोक्स यांनी १८४५ मध्ये मांडलेली ही समीकरणं हवेच्या प्रत्येक ठिपक्यावरचा वेग आणि दाब बांधून देतात. जागेचे बारीक खण पाडायचे, प्रत्येक खणात समीकरण सोडवायचं, काळ किंचित पुढे सरकवायचा, पुन्हा सोडवायचं. प्रश्न एवढाच की खण किती बारीक हवेत.

वाऱ्यात भोवरे असतात. शेकडो मीटरांचे भोवरे फुटून लहान होतात, ते फुटून आणखी लहान, आणि शेवटी हवेच्या चिकटपणापुढे हार मानून उष्णतेत विरून जातात. रशियन गणिती कोल्मोगोरोव यांनी १९४१ मध्ये या शेवटच्या, सर्वांत लहान भोवऱ्याचा आकार कसा काढायचा ते दाखवलं. समुद्रावरच्या वाऱ्याला तो एका मिलिमीटरच्या आगेमागे येतो. म्हणून काहीच वगळायचं नसेल तर खण मिलिमीटरचे हवेत.

जहाजाभोवती ५०० मीटर लांब, ५०० मीटर रुंद, २०० मीटर उंच अशी पेटी कल्पू. तिच्यात ५ कोटी घनमीटर हवा. एका घनमीटरात मिलिमीटरचे खण १०० कोटी. एकूण खण पाचावर सोळा शून्यं. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त दशगुणोत्तर संख्यांची नावं दिली आहेत. ती यादी एकावर सतरा शून्यं असलेल्या परार्धाला येऊन थांबते. आपली पेटी अर्धा परार्ध खणांची झाली.

प्रत्येक खणात चार संख्या ठेवायच्या: तीन दिशांचे वेग आणि दाब. संगणकाच्या दुहेरी नेमकेपणाने ठेवल्या तर १६ लाख टेराबाइट जागा लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जगातला सर्वांत वेगवान ठरलेला संगणक, कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतला 'एल कॅपिटन', त्याची स्मृती सुमारे साडेपाच हजार टेराबाइट आहे. म्हणजे वाऱ्याचं एक स्तब्ध चित्र नुसतं साठवून ठेवायला असे तीनशे संगणक हवेत. अजून एकही बेरीज झालेली नाही.

आता काळ पुढे सरकवायचा. हवेने एका वेळी एका खणाहून जास्त उडी मारता कामा नये, नाहीतर गणित बिघडतं. पंखाच्या कडेला वारा वेग घेऊन २० मीटरवर जातो. मग एक पाऊल सेकंदाच्या वीसहजाराव्या भागाचं. वाऱ्याचे झोत नीट पकडायला निदान दहा मिनिटांचा वारा हवा. पावलं झाली १ कोटी २० लाख. प्रत्येक पावलाला प्रत्येक खणात हजारेक आकडेमोडी, हा सढळ हाताने कमी धरलेला अंदाज. गुणाकार सहावर सव्वीस शून्यं. एल कॅपिटन सेकंदाला १७ परार्धांहून जास्त आकडेमोडी करतो, तरी त्याला अकरा वर्षं लागतील. तीही तो पूर्ण ताकदीने धावला तर. प्रवाहाच्या गणितात यंत्राचा बराच वेळ आकडे इकडून तिकडे नेण्यात जातो. ताकदीच्या पाच टक्के हाती आले तरी पुष्कळ. मग दोनशे वर्षांवर. दहा मिनिटांच्या वाऱ्यासाठी.

इंग्लंडचे लुइस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये हवामानाचं गणित असंच खण पाडून करण्याची कल्पना मांडली होती. तेव्हा संगणक नव्हते, म्हणून त्यांनी एका प्रचंड गोलाकार सभागृहात ६४ हजार माणसं बसवून आकडेमोड करण्याचं चित्र रंगवलं. त्या सभागृहाला आपली पेटी दिली आणि प्रत्येकाने सेकंदाला एक आकडेमोड न थांबता केली, तर तीनावर चौदा शून्यं इतकी वर्षं लागतील. विश्वाचं वय आज १३८० कोटी वर्षं आहे. त्याच्या वीस हजार पटींहून जास्त. हे सगळं एका जहाजासाठी, एका वाऱ्यासाठी, पंखांच्या एका कोनासाठी.

या आकड्यांपुढे माणूस हात जोडेल. अभियंते तसं करत नाहीत, आणि मला या विद्येबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे. काय वगळायचं हे ते ठरवतात, आणि वगळलेल्याची जबाबदारी घेतात.

ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८९५ मध्ये सुचवलं की वेगाचे दोन भाग करावेत: सरासरी आणि तिच्याभोवतीची थरथर. सरासरी सोडवावी, आणि थरथरीचा परिणाम एखाद्या अदमासी सूत्राने भरून काढावा. आज जहाजांच्या शिडांचं बरंचसं गणित या वाटेने जातं. मग खण सगळीकडे मिलिमीटरचे लागत नाहीत. दूरच्या हवेत ते कित्येक मीटरांचे चालतात. पंखाच्या कातडीला लागून मात्र सूट नाही. तिथे हवेचा वेग शून्यावरून पूर्ण वेगापर्यंत एका पातळ थरात चढतो. त्या थराचा तळ नीट पकडायचा तर पहिल्या खणाची जाडी ०.०४ मिलिमीटर हवी, वहीच्या कागदाच्या निम्म्याहून कमी. पाचशे मीटरची पेटी आणि कागदाहून पातळ खण एकाच जाळीत बसवायचे. अशी जाळी दोन-पाच कोटी खणांत आटपते. पाचावर सोळा शून्यांपासून पाच कोटी. शंभर कोटी खणांमागे एक ठेवला आणि बाकीचे सोडून दिले.

एवढी काटछाट करूनही जहाजाचं पोट भरत नाही, कारण एका गणिताने भागत नाही. वाऱ्याचे आठ वेग, दहा-दहा अंशांनी एकोणीस दिशा, जहाजाचे चार वेग, पंखांच्या दहा मांडण्या घेतल्या की ६,०८० गणितं झाली. मागचा पंख पुढच्याच्या सावलीत येतो, पुढचा मागच्यामुळे वळलेली हवा खातो, म्हणून दोघांचे कोन वेगवेगळे धरले तर संख्या आणखी दहापट. इथे जुनं शहाणपण मदतीला येतं. लुडविग प्रांटल यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पंखाच्या जागी भोवऱ्यांची एक रेघ कल्पून उचल काढण्याची रीत बसवली. ती साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत उत्तर देते. मग मोठी गणितं काही डझन करायची, त्यांवर ही झटपट रीत पारखून घ्यायची आणि बाकीची हजारो तिच्याकडून करून घ्यायची. पुढे सागरी मार्ग. चाळीस दिवसांचा प्रवास, ९६० तास. तीस वर्षांत रोज एक जहाज निघालं असं धरून जुन्या हवामानाच्या नोंदींवरून ते चालवून पाहिलं तर १ कोटी ५ लाख तासांचा वारा तपासून होतो. सरासरी ३ टन असा आकडा आधीच सांगायचा तर तो अशा चाळणीतूनच काढावा लागतो.

प्रारूप बनवून वातबोगद्यात ठेवणं सोपं नाही का, असं वाटेल. पन्नासावा भाग एवढं प्रारूप घ्या. हवेचं वागणं मूळ जहाजासारखंच राहावं तर वाऱ्याचा वेग पन्नासपट करावा लागतो. १० मीटरचे ५०० मीटर प्रतिसेकंद होतात, ध्वनीच्या वेगाहून जास्त, आणि मग हवा वेगळ्याच नियमांनी वागू लागते. याउलट पाण्यात जहाजाने उठवलेल्या लाटा खऱ्यासारख्या दिसाव्यात तर प्रारूपाचा वेग सातपट कमी करावा लागतो. १२ नॉटचे १.७ नॉट. वरची हवा पन्नासपट वेग मागते, खालचं पाणी सातपट मंद व्हायला सांगतं. एकाच टाकीत दोघांचं समाधान होत नाही. म्हणून हवा एकीकडे तपासतात, पाणी दुसरीकडे, आणि जोडकाम गणितात.

इतका वेळ आपण पोलादी पंखाविषयी बोललो. तो थोडा वाकतो, पण आपला आकार सोडत नाही. कापडाच्या शिडाचं तसं नाही. शीड शिवताना त्याला दिलेला आकार आणि वाऱ्यात त्याने घेतलेला आकार हे दोन निराळे असतात. दाब कळल्याशिवाय आकार कळत नाही; आकार कळल्याशिवाय दाब कळत नाही. अभियंता एक आकार धरतो, दाब काढतो, त्या दाबाने कापड किती ताणलं ते पाहतो, नवा आकार घेऊन पुन्हा दाब काढतो. डझनावारी फेऱ्यांनी दोन्हीकडची उत्तरं जुळतात. कधी जुळतच नाहीत, आणि याचं कारण मला फार विलक्षण वाटतं. शिडाचं चौरस मीटर कापड भरतं ३०० ग्रॅम. ते हललं की समोरची आणि मागची हवाही त्याच्याबरोबर हलवावी लागते. पाच मीटर रुंद शिडाला ही बरोबर ओढली जाणारी हवा चौरस मीटरला सरासरी पावणेपाच किलो पडते, कापडाच्या पंधरापट. कापड हलतं म्हणताना वजनाच्या हिशेबाने हवाच हलत असते, कापड तिच्यातली एक नाजूक सीमा. गणितात आधी कापड आणि मग हवा असं पाळीपाळीने सोडवायला गेलं की चूक प्रत्येक फेरीत वाढत जाते आणि पडद्यावरचं शीड क्षणात फाटून अनंताला जातं. दोघांना एकत्र, एकाच समीकरणसंचात बांधावं लागतं.

१९०२ मध्ये जर्मनीत पाण्यात उतरलेल्या पाच डोलकाठ्यांच्या 'प्रॉयसेन' जहाजावर ६,८०० चौरस मीटर कापड होतं, पिक्सिस ओशनच्या दोन्ही पंखांच्या साडेचारपट. ते सगळं शिडं शिवणाऱ्यांच्या आणि खलाशांच्या हाताच्या अंदाजावर उभं होतं. तशा अंदाजाला आज गणितात उतरवायला लागणारे कष्ट पाहिले की त्या हातांबद्दलचा आदर वाढतो.

अंदाजाची कड कुठे संपते, याचं एक उदाहरण गोव्याशी जोडलेलं आहे. मांडवीतल्या दिवाडी बेटावरच्या अक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली 'थुरिया' ही नौका घेऊन कमांडर अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत एकटे उतरले होते. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात, पर्थच्या पश्चिमेला सुमारे १,९०० सागरी मैलांवर त्यांना वादळाने गाठलं. वारा ७० नॉट, लाटा १४ मीटरपर्यंत. ७० नॉट म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. चौरस मीटरला ७९ किलो दाब. आपण वर धरलेल्या १० मीटरच्या वाऱ्याच्या तेरापट. तरी एवढा दाब गुंडाळलेल्या शिडांची डोलकाठी सोसू शकते. नौका लाटेने उलटली की मात्र डोलकाठी पाण्यात आपटते, आणि पाणी हवेपेक्षा साडेआठशे पट घन. त्याच वेगाला साडेआठशे पट बळ. थुरियाची डोलकाठी मोडली, टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली, आणि तीन दिवसांनी फ्रेंच मत्स्य-गस्ती जहाजाने त्यांना उचललं. डोलकाठीचं गणित नुसत्या वाऱ्यावर संपवता येत नाही, हे त्या तीन दिवसांनी जगाला पुन्हा दाखवलं.

त्याच दिवाडीवर पुढे याहून अवघड नौका बांधली गेली. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या, साधारण पाचव्या शतकातल्या चित्रात एक जहाज आहे. त्यावरून भारतीय नौदलाने, सांस्कृतिक मंत्रालयाच्या मदतीने आणि होडी इनोव्हेशन्स या गोव्यातल्या कंपनीकडून, वीसेक मीटरची नौका उभी केली. बाबू शंकरन यांच्या हाताखाली केरळच्या कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोराने शिवल्या, खिळा नाही. चौकोनी शिडं, मागे सुकाणूची वल्ही. मे २०२५ मध्ये कारवारला ती नौदलात दाखल झाली आणि 'कौंडिण्य' हे नाव तिला मिळालं.

मोजणीच्या दृष्टीने ही नौका पिक्सिस ओशनहून कठीण आहे, असं मी जबाबदारीने म्हणतो. पोलादी पंखात एकच वस्तू किंचित वाकते. इथे शीड फुगतं, लाकडी डोलकाठी वाकते, दोर ताणले जातात, आणि ज्या कायेवर ते सगळं टेकलं आहे ती कायाही शिवणींमध्ये हलते. चारही गोष्टी एकमेकींवर अवलंबून. पोलादाचा ताठपणा कुठल्याही पुस्तकात सापडतो; भिजलेल्या, राळ भरलेल्या काथ्याच्या शिवणीचा सापडत नाही. चित्रात लांबी-रुंदीची मापं नव्हती. नौदलाने आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाकडून तिच्या प्रारूपाच्या पाण्यातल्या चाचण्या करून घेतल्या आणि लाकडी डोलकाठीची बळकटी स्वतः तपासली. खण पाडून हे सुटलं नसतं, कारण खणात भरायचा आकडाच आधी प्रयोगातून यावा लागतो.

२९ डिसेंबर २०२५ रोजी कौंडिण्य पोरबंदरहून मस्कतला निघाली आणि सतरा दिवसांत पोहोचली. अशा नौकेच्या डोलकाठीवर, दोरांवर आणि शिवणींवर दहा ताणमापक बसवले, प्रत्येकाने सेकंदाला वीस नोंदी घेतल्या, तर सतरा दिवसांत २९ कोटींहून जास्त नोंदी जमतात. त्यांतल्या प्रत्येक नोंदीत वारा, कापड, लाकूड, काथ्या आणि पाणी एकाच वेळी, काहीही न वगळता बोललेले असतात. या प्रकारच्या जहाजांच्या अशा नोंदी सर्वांसाठी खुल्या व्हाव्यात, ही माझी तळमळीची मागणी आहे. त्यांना एल कॅपिटन लागत नाही. सगळ्या मिळून एका साध्या पेन-ड्राइव्हवर मावतात.